तुझ्या तक्त्यात पावसाला रकानाच नाही

जव्हार,
पिठोरीच्या आदल्या दिवशी

प्रिय बये,

तुझा तक्ता मिळाला. मोबाइलवर उघडला तर रकाने मुंग्यांएवढे दिसायला लागले, म्हणून स्टँडसमोरच्या झेरॉक्सवाल्याकडून रंगीत प्रिंट काढून घेतली. दुकानापासून घर दहा मिनिटांवर, पण जव्हारचा श्रावण तुला माहीत आहे. छत्री होती, कापडी पिशवी होती, तिच्यात प्लास्टिकची पिशवी होती. तरी घरी येऊन पाहते तर तिसऱ्या दिवसाची निळी शाई पाचव्या दिवसावर उतरलेली आणि 'मुक्काम' हा शब्द पार विरघळून गेलेला. आता तो कागद चुलीवरच्या दोरीला चिमट्यानं लावून वाळत घातलाय. (गॅस आहे गं, पण पावसाळ्यात चूल पेटवल्याशिवाय हे घर कोरडं होत नाही.)

आधी तुझं कौतुक. अठ्ठावन्न सरताना लोक अष्टविनायकाची बस पकडतात आणि तू पाठीवर पंधरा किलो घेऊन व्हँकूवर बेटाच्या पश्चिम काठानं ७५ किलोमीटर चालायला निघालीस. चिखल, शंभरावर लाकडी शिड्या, नद्यांवरून तारेला टांगलेले पाळणे, त्यात अस्वलं. निघतेस तेही भाद्रपदाच्या पौर्णिमेनंतर दोन दिवसांनी, म्हणजे ऐन पितृपंधरवड्यात. आईंना सांगितलंस का? नसेल सांगितलं तर सांगूच नकोस.

आणि मला विचारतेस काय, तर चिखलात कुठले बूट चालतात! छत्तीस वर्षं मास्तरकी केली, त्यातली पहिली एकोणीस वर्षं डांबर संपल्यावर पायी जायच्या पाड्यांवर. बूट नावाची वस्तू मी तिकडे फक्त तपासणीला आलेल्या साहेबांच्या पायात पाहिली, आणि तीही बहुतेक वेळा परत जाताना हातात.

पण चिखलाचं मला कळतं. तू पत्रात नुसतं 'चिखल, चिखल' म्हणतेस; कुठला चिखल ते सांग ना. चिखलणी झालेल्या खाचरातला चिखल मऊ. त्यात पाय गुडघ्यापर्यंत जातो, पण माणूस पडत नाही, फार तर खाली बसतो. पायवाटेवरचा तांबडा चिखल बोटभरच असतो आणि साबणासारखा सटकतो. गुरांच्या वाटेवरची राड आणखी निराळी. तिच्यात खुरांचे खड्डे, खड्ड्यांत पाणी, आणि कुठला खड्डा चार बोटांचा नि कुठला हातभर ते पाय घातल्यावरच कळतं. या सगळ्यांपेक्षा वाईट म्हणजे ओहळातल्या काळ्या दगडावरचं शेवाळ. दगड धुतल्यासारखा स्वच्छ दिसतो. माझं मनगट दोनदा मोडलं ते दोन्ही वेळा अशाच स्वच्छ दगडावर. तुमच्याकडे तेच काम ओल्या फळ्या आणि समुद्रानं काठावर आणून टाकलेले ओंडके करणार. चिखलात तू आपोआप जपून चालशील. फळी आली की जीव भांड्यात पडेल आणि चाल वाढेल, तिथे पडशील.

माझ्या पहिल्या शाळेच्या पाड्यावर एक वारली म्हातारबा होते. त्यांचा पाय तू बघायला हवा होतास. अंगठा इतर बोटांपासून दोन बोटं लांब सरकलेला, टाचेला भेगा, आणि पावलाचा तळवा पुढे पंख्यासारखा पसरलेला. निसरड्या उतारावर ते आधी अंगठा रोवायचे, तो बसला की मग बाकीचं पाऊल टेकवायचे. हे इतकं पटापट व्हायचं की मला कळायलाच महिना गेला. मी घसरले की म्हणायचे, "बाई, टाच नको, अंगठा." दुसरी गोष्ट त्यांनी शिकवली ती काठीची. आपण घसरल्यावर काठी टेकतो. त्यांची काठी पावलाच्या आधी पुढे जायची, खड्ड्याची खोली बघायची, मग पाऊल. आणि उतारावर अंग मागे टाकायचं नाही. भीतीनं माणूस मागे रेलतो आणि रेलला की पाय पुढे निसटतात. गुडघे वाकवून, थोडं आडवं होऊन, बाळपावलांनी उतरायचं.

बुटात अंगठा रोवता येत नाही, म्हणून तुला तळाला खोल खाचा असलेले आणि घोटा आवळून धरणारे बूट हवेत, पण नवे कोरे नकोत. निघेपर्यंत रोज त्यांत भाजी आणायला जा, देवळात जा, पावसात मुद्दाम भिजव. पाणी आत येऊ न देणारा बूट एकदा वरून भरला की तेच पाणी बाहेरही जाऊ देत नाही. दिवसभर पायात दोन डबकी घेऊन हिंडायचं.

त्याचं पुढे काय होतं ते तुला आठवत असेल. चिखल्या. आवणीच्या दिवसांत इथल्या बायांच्या पायांच्या बोटांमधली कातडी पांढरी होते, फुगते, मग सोलवटून लाल होते आणि रात्री खाजून खाजून झोप उडवते. आमच्याकडे त्यावर मेंदी वाटून लावतात, कोणी करंजाचं तेल लावतं. पण खरा उपाय एकच, रोज काही तास पाय पूर्ण कोरडे. म्हणून मोज्यांचा एक जोड फक्त झोपण्यासाठी ठेव. तो सकाळी काढून दोन पिशव्यांत घालायचा आणि मागचा ओला जोड पुन्हा चढवायचा. पहाटे तो थंडगार ओला मोजा ओढताना जिवावर येतं, आणि 'आजच्या दिवस कोरडा घालू' असं मन म्हणतं. मन म्हणेल तसं केलंस की तिसऱ्या रात्री तुझ्याकडे कोरडं काहीच उरणार नाही.

पावसाच्या कपड्यांचं मला विचारू नकोस. आमच्याकडे बांबूच्या कामट्यांचं आणि पळसाच्या पानांचं इरलं होतं. डोक्यापासून कमरेखालपर्यंत पाठ झाकतं, हात मोकळे, वाकून आवणी करता येते, घामानं आतून भिजायला होत नाही. हल्ली पानांऐवजी वर निळी ताडपत्री चढलीय. तुझ्या चारशे डॉलरच्या जाकिटाला नावं ठेवत नाही, पण त्यात वाकून भात लावून दाखव, मग बोलू.

आता मुख्य मुद्दा. तुझ्या तक्त्यात तारीख आहे, किलोमीटर आहेत, मुक्काम, न्याहारी, जेवण, अगदी गोळ्या कधी घ्यायच्या तेही आहे. पावसाला रकानाच नाही. सात दिवस, सातही दिवस चाल, आणि सातव्या संध्याकाळी परतीची बस. हे वाचून मला माझाच एक तक्ता आठवला.

नोकरीचा दुसरा पावसाळा. महिनाअखेर. शाळेचा मासिक तक्ता केंद्रावर पाचच्या आत द्यायचा होता, तो आणि हजेरीपट पिशवीत घालून मी निघाले. वाटेत एक ओहळ, सकाळी येताना घोट्याएवढा होता. दुपारी येऊन बघते तर मांडीच्या वर, आणि रंग चहाचा. म्हातारबा काठावर दगडावर विडी ओढत बसलेले. म्हणाले, "थांबा बाई, पानी उतरंल." मी विचारलं, किती वेळानं? म्हणाले, "उतरंल तवा." आता माझ्या तक्त्यावर 'पाच वाजता' असं लिहिलेलं, त्यावर हे उत्तर मला कसं पटावं? साडी खोचली आणि शिरले. तिसऱ्या पावलाला खालचे गोटे हलायला लागले, चौथं पाऊल पडलंच नाही. पिशवी गेली, चप्पल गेली. मी वीसेक हात खाली एका करंजाच्या मुळीला अडकले. म्हातारबांनी काठी पुढे करून ओढून काढलं, आणि काही न बोलता विझलेली विडी पुन्हा पेटवली. दीड तासानं आम्ही दोघं तोच ओहळ पोटरीभर पाण्यातून पार केला. त्या महिन्यात माझी सगळी शाळा कागदोपत्री वाहून गेली. मुलांना मात्र फार आनंद झाला.

ओहळाचं असं का होतं ते मला पुढे कळलं. आमचे डोंगर उभे, वरचं पाणलोट लहान आणि खाली कातळ. ढग फुटला की अर्ध्या तासात पाणी चढतं, तसंच पाऊस थांबला की दोन-तीन तासांत उतरतं. पाणी चढणार याची खूण म्हणजे नितळ पाणी अचानक गढुळतं, पानं-काटक्या वाहून यायला लागतात, आणि तळातून दगड एकमेकांवर आपटल्याचा घुमल्यासारखा आवाज येतो. तो आवाज आला की तिथेच बसायचं, डबा उघडायचा. मोठ्या नदीचं तसं नाही. सूर्या नदीचं पाणी पावसावर चालतं तसं धामणी धरणाच्या दरवाजांवरही चालतं. तिथे पाणी उतरायची वाट बघत बसण्यात अर्थ नाही. पूल असेल तिथूनच जायचं, मग दोन मैलांचा वळसा पडो. तुझ्याकडे पाळणे आहेत, तर पाण्याची पातळी बघून 'उतरून जाऊ, वेळ वाचेल' असं करू नकोस. उतरायचीच वेळ आली तर पिशवीचा कमरपट्टा आणि छातीचा पट्टा आधी सोड. पाय निसटला तर पिशवीला जाऊ दे. माझा हजेरीपट गेला, मी राहिले.

म्हणून सांगते, सात चालीचे दिवस आणि दोन रिकामे. रिकाम्या दिवसांचं जेवण बरोबर ठेव आणि बस आधी बदलून घे. निटिनाट आणि गॉर्डन नदीवरच्या नावा ठरावीक वेळातच चालतात असं तूच लिहिलंयस. तिथे दहा मिनिटांनी चुकलीस तरी अख्खी रात्र गेली. निटिनाटला शिजवलेले खेकडे मिळतात म्हणे, तर तिथेच चुक.

भरती-ओहोटीचं मात्र मला तुझ्याकडून शिकावं लागणार असं वाटलं होतं. मी डोंगरातली, मला समुद्राचं काय! पण माझी मावशी डहाणूला दिलेली होती, तिच्याकडून एक हिशोब शिकले होते तो बरोबर निघाला. तिथीची पाऊणपट करायची, तेवढे तास. अष्टमी असेल तर आठाचे पाऊणपट सहा, म्हणजे भरती सहाच्या सुमाराला, सकाळी आणि संध्याकाळी. पौर्णिमा-अमावास्येला दुपारी बाराच्या आसपास. वद्य पक्षात पुन्हा एकपासून मोजायचं. थोडं पुढे-मागे होतं, पण मावशीची तिसऱ्या गोळा करायची वेळ या हिशोबानं कधी चुकली नाही. पौर्णिमा-अमावास्येला उधाण, म्हणजे पाणी फार वर येतं आणि तितकंच खाली जातं. अष्टमीच्या आगेमागे भांग, तेव्हा भरतीही मवाळ आणि ओहोटीही अर्धवट.

माझा पाऊणपटीचा हिशोब तुझ्या समुद्राला चालणार नाही. तिथे छापील तक्ताच बघ, आणि तो कुठल्या घड्याळाचा आहे तेही बघ. उन्हाळ्यात तुमची घड्याळं तासभर पुढे सरकवलेली असतात. तक्ता मूळ वेळेचा असेल तर एक तास मिळवावा लागेल. पण चंद्र तोच आहे, उधाण आणि भांग दोन्हीकडे एकाच तिथीला. आता तुझा तक्ता घे. तू दक्षिणेकडून, गॉर्डन नदीपासून निघणार आहेस. म्हणजे तो ओवेन पॉइंट, जिथून १.८ मीटरच्या खालच्या पाण्यातच जाता येतं, तो तुला पहिल्या-दुसऱ्या दिवशी लागेल. पौर्णिमा नुकतीच झालेली, ओहोटी चांगली खोल. इथपर्यंत बरोबर. पण बहुतेक उभ्या शिड्या आणि सगळ्यात वाईट चिखलही त्याच टोकाला, आणि तेव्हा तुझ्या पाठीवर नऊ दिवसांचं अन्न असणार. उत्तरेकडून, पाचीना बेपासून निघालीस तर सुरुवात सपाट, आणि शिड्या येईपर्यंत पिशवी निम्मी झालेली. मात्र तेव्हा अष्टमीचा भांग असेल आणि ओवेन पॉइंट कदाचित मिळणार नाही.

मी असते तर उत्तरेकडून निघाले असते आणि ओवेन पॉइंटचा नाद सोडून रानातल्या वाटेनं गेले असते. फोटो एक कमी येईल. आपले गुडघे काही विशीतले नाहीत, बये. आरक्षणात टोक बदलून मिळतं का ते विचार तरी.

आणि किनाऱ्यावर एक लक्षात ठेव, हेही मावशीचंच. पाणी समोरून येताना दिसतं म्हणून आपण समोर बघत बसतो. खाजणात पाणी आधी मागच्या चरातून भरतं. समोर अजून पन्नास पावलं चिखल उघडा असतो आणि मागे परतीची वाट कमरेएवढी झालेली असते. मावशीच्या वाड्यातल्या बाया पाणी पायाशी आल्यावर परतत नसत, मागच्या चरात पहिली धार आली की टोपली उचलत.

तू त्या वाटेचा इतिहास लिहिलास तो मी दोनदा वाचला. आधी हू-आय-आट, डिटिडाट आणि पाचीडाट लोकांच्या जाण्या-येण्याच्या वाटा, मग तारायंत्राची तार, आणि जानेवारी १९०६ मध्ये 'वॅलेन्शिया' जहाज त्या काठाशी फुटून शंभरावर माणसं जमीन डोळ्यांसमोर असताना बुडाली, तेव्हा सरकारला जाग येऊन वाचलेल्यांसाठी वाट बांधली गेली. हे वाचताना मला काय आठवलं सांगू? मर्कटवाडी. मोखाड्यातल्या बोटोशी ग्रामपंचायतीतला पाडा. ऑगस्ट २०२२, देशभर स्वातंत्र्याचा अमृतमहोत्सव चाललेला. तिथल्या एका बाईची अवेळी प्रसूती झाली, जुळी मुलं गेली, आणि रक्तस्राव होणाऱ्या त्या आईला घरच्यांनी झोळीत घालून असल्याच पाऊसवाटेनं तीनेक किलोमीटर रस्त्यापर्यंत नेलं. पेपरांत आलं, टीव्हीवर आलं. तुमच्याकडे वाट नव्हती म्हणून माणसं गेली आणि मग वाट झाली. आता ती जपून ठेवलीय आणि चालायला जानेवारीपासून आरक्षण करावं लागतं. आमच्याकडे झोळीचा बांबू अजून कितीतरी घरांच्या वळचणीला तयार असतो. मी आठ किलोमीटर चालत शाळेत जायचे त्याला कोणी 'ट्रेक' म्हटलं नाही. म्हटलं असतं तर मलाच हसू आलं असतं. हे तुला दुखवायला नाही लिहीत. तुझ्या वाटेवर तू मजेत चाल. फक्त शिडीवर दम लागला की आठवण काढ, की पाठीवरचं ओझं निदान तू स्वतः निवडलंयस.

बरं, आता माझी बातमी. मीही निघतेय.

हसू नकोस. तुझा तक्ता वाचून डोक्यात आलं, आणि मे महिन्यात निवृत्त झाल्यापासून अंग आखडलंय. जव्हार ते समुद्र. आठवतं, सनसेट पॉइंटवर आपण दोघी चिंचा खात बसायचो? समोर पश्चिमेला महालक्ष्मीचा तो त्रिकोणी सुळका. तू म्हणायचीस, सुळक्याच्या पलीकडे जी चंदेरी रेघ आहे तो समुद्र. मी म्हणायचे, ढग. सातवीत यावरून आपण चार दिवस अबोला धरला होता. तो वाद अजून निकाली निघालेला नाही, हे तुझ्या लक्षात असो.

तर वाट सुळक्याच्या रोखानं. घाट उतरून तलवाड्याकडे, तिथून पाड्या-पाड्यांनी, सूर्या पुलावरून ओलांडून, कासा आणि विवळवेढ्याची महालक्ष्मी, मग रानशेत, गंजाड, आणि डहाणू. गाडीरस्त्यानं हे अंतर सत्तरच्या आत-बाहेर, म्हणजे जवळजवळ तुझ्याएवढंच. पायवाटेनं किती ते चालल्यावर सांगेन. वाट नवी नाहीच. चैत्री पौर्णिमेला मध्यरात्री महालक्ष्मीच्या गडावर जो ध्वज चढतो तो जव्हारच्या मुकण्यांच्या राजघराण्याकडून, ही जुनी रीत. आपल्या गावाचं निशाण वर्षानुवर्षं तिकडे जातंय आणि मी मात्र दर वेळी जत्रेला एसटीनं गेले. मीठ आणि सुकी मासळी समुद्राकडून याच दिशेनं वर यायची. शिवाजी महाराज सुरतेला जाताना शिरपामाळला थांबले होते, हे आपण शाळेत घोकलंय. पण ती स्वारी जानेवारी १६६४ ची. महाराजांनी भाद्रपदात चिखल तुडवत जायचा बेत केला नाही, यातच काय ते आलं, असं माझा भाऊ म्हणतो.

बरोबर माझा एक जुना विद्यार्थी आहे, तो आता जीप चालवतो आणि चालायचं विसरलाय, आणि माझ्या शेवटच्या शाळेतल्या स्वयंपाकीण मावशी, ज्या काहीच विसरलेल्या नाहीत. पाच दिवस चालीचे, दोन रिकामे. माझ्या तक्त्यात एवढंच लिहिलंय. जिथे वाट वनखात्याच्या रानातून जाते तिथे वनरक्षकाच्या कानावर घातलंय, आणि मुक्कामाच्या पाड्यांवर पोलीस पाटलांना निरोप गेलेत. झोपायला शाळेची पडवी.

शिधा मात्र सगळा आपला आपण न्यायचा, हे मी ठरवून टाकलं. विद्यार्थी म्हणाला, "बाई, तुम्हाला कोणीही जेवायला घालील." घालतीलच, म्हणून तर. भाद्रपदात घरातलं जुनं धान्य संपत आलेलं असतं आणि नवं शेतात उभं असतं. हळवं भात नुकतं निसवलेलं, नागली कुठे कणसात. अशा दिवसांत तीन माणसांनी कुणाच्या घरी जाऊन बसणं म्हणजे त्यांच्या मुलांच्या ताटातलं उचलणं. तांदूळ, उडीद, नागलीचं पीठ, गूळ, आणि मावशींच्या आग्रहानं पाव किलो सुकट. सुकट, कांदा, मिरची, गरम नागलीची भाकरी, बाहेर पाऊस. तुला वास आला ना? तू मात्र सुकट नेऊ नकोस. तुमच्या वाटेवर वासाची प्रत्येक वस्तू, दात घासायची पेस्टसुद्धा, रात्री लोखंडी पेटीत कुलूपबंद ठेवावी लागते म्हणतेस. सुकटीच्या वासानं तुमची बेटावरची सगळी अस्वलं रांगेत येतील.

आमच्याकडे अस्वलं नाहीत, पण बांधावर फुरसं असतं. ते पळत नाही, वेटोळं करून पडून राहतं, म्हणून अंधारात बांधावरून चालायचं नाही आणि काठी आपटत जायचं. बांधाच्या मधोमध पाय ठेवायचा, कडेला नाही. कड ढासळली की खाचरातलं पाणी जातं, आणि निसवलेल्या भाताला आत्ताच पाणी हवं असतं. चिखलात हिंडायचं म्हणून डॉक्टरांना विचारून लेप्टोच्या गोळ्यांचंही बघितलंय. पायाला जखम असेल तर भातखाचरात उतरू नका, असं त्यांनी बजावलंय. आता भाद्रपदात जखम नसलेला पाय आणायचा कुठून, ते त्यांनी सांगितलं नाही.

मी तुझ्याच तिथीला निघतेय, वद्य द्वितीयेला. दोन्ही रिकामे दिवस खर्ची पडले तरी अष्टमीच्या संध्याकाळी डहाणूला, आणि नवमीला किनाऱ्यावर. नवाचे पाऊणपट पावणेसात, म्हणजे भरती सकाळ-संध्याकाळ आणि ओहोटी भर दुपारी एकच्या आसपास. भांगामुळे ओहोटी अर्धवटच, तरी चिखलातून आत जायला बरी वेळ. त्या वेळी तुझ्याकडे नुकतीच मध्यरात्र उलटलेली असेल, तू कोरडे मोजे घालून झोपलेली असशील अशी आशा आहे.

मी पाण्याच्या काठापर्यंत जाणार, समुद्राकडे पाठ करणार आणि पूर्वेला बघणार. महालक्ष्मीचा सुळका तिथून दिसतोच. त्याच्यामागे जव्हारचं पठार दिसलं तर ती रेघ समुद्राचीच, तू जिंकलीस. नाही दिसलं तर ढग. आणि त्या दिवशी पूर्वेला ढगच असले तर दुसऱ्या दिवशी पुन्हा जाऊन बघीन. माझ्याकडे रिकामे दिवस आहेत, किंवा काढता येतात. विद्यार्थ्याला साक्षीला ठेवलंय, तो माझ्याच बाजूनं बोलेल अशी शंका घेऊ नकोस, त्याला मी सातवीत दोनदा नापास केलं होतं.

हरले तर तुला पाच किलो सुकट, पण तू वाट संपवून घरी पोचल्यावरच. जिंकले तर लोकरी मोज्यांचे सहा जोड. करडे पाठवू नकोस, एक पायातून निसटला तर आमच्या चिखलात सापडायचा नाही.

तुझी,
जव्हारची